स्वभाव घेतला का?

आमच्या वॉर्डातून घरी जाणारा प्रत्येक पेशंट काहीतरी मागे सोडून जातो. एक चप्पल, डब्याचं झाकण, उशीखालचा ताईत, एकदा तर कोणाची तरी कवळी. मेश्राम सिस्टर ते सगळं उचलून खिडकीखालच्या कपाटात टाकतात. न्यायला कोणी येत नाही आणि फेकायला सिस्टरचा हात धजत नाही. किस्स्यांचंही तसंच होतं. कोणी मुद्दाम साठवत नाही, पण एक दिवस कपाटाचं दार उघडलं की सगळे अंगावर येतात.

परवा चहाच्या खोलीत तेच झालं. तिवारीने येता येता सरांच्या खुर्चीवर हेल्मेट ठेवलं आणि चटका बसल्यासारखं लगेच उचललं. मग कोणीतरी म्हणालं, "आठवतं का, सरांच्या खिशातले पेढे?" झालं. चहा गार होईपर्यंत आम्ही बोलतच राहिलो.

आम्ही म्हणजे नागपुरातल्या एका हॉस्पिटलचं पोटाच्या सर्जरीचं युनिट. आतड्याचा खराब तुकडा कापून काढायचा आणि उरलेली दोन टोकं शिवून एकत्र आणायची, हे आमचं रोजचं काम. आमचे धकाते सर त्या शिवणीला 'जोड' म्हणायचे. सर उमरेडच्या विणकर घरातले, वडिलांचा हातमाग होता, त्यामुळे तुटलेला धागा जोडण्याची भाषा घरातूनच आलेली. "लय ताणला तं कापते, ढिला सोडला तं सुटते," एवढंच त्यांचं शास्त्र. ते आम्हाला शिकायला वर्षं लागली.

जोड घातला की ऑपरेशन संपतं आणि काळजी सुरू होते. कारण काहींचा जोड सुटतो. आतली घाण पोटात पसरते, मग अंगभर सूज, ताप, आणि एकेक अवयव दगा देऊ लागतो. हे बहुतेक तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या दरम्यान होतं. लवकर ओळखलं तर माणूस वाचतो, उशीर झाला तर हात चोळत बसायचं. त्यामुळे आमच्या युनिटचं निम्मं आयुष्य एकाच प्रश्नात गेलं: कोणाचा जोड सुटणार, हे आधी कसं ओळखायचं?

*

राउंडमधला सरांचा पहिला प्रश्न ठरलेला. "हवा गेली का?"

आतडं पुन्हा कामाला लागलं का, हे सांगणारी याहून स्वस्त तपासणी नाही. पण लोक लाजतात. उमरेडच्या एक आजी होत्या. खाटेभोवती मुलगा, सून, जावई असा दरबार भरलेला. सरांनी प्रश्न विचारला की आजी पदर पुढे ओढून भिंतीकडे बघायच्या. आजी सरांच्या गावच्या, म्हणून सर जरा प्रेमाने म्हणाले, "आजी, जावयाले बाहेर पाठवू का?"

आजी पुटपुटल्या, "जावयाचं काही नाही जी. तिकडं व्याही बसले आहे न."

कोपऱ्यात स्टुलावर व्याही पेपर वाचत बसले होते. त्यांना सन्मानाने बाहेर नेलं. दार लागायच्या आत आजींनी बातमी दिली. मुलगा धावत जाऊन पेढे घेऊन आला आणि वॉर्डभर वाटले.

सरांनी आपला पेढा घेतला, पट्टीच्या कापडात गुंडाळला आणि अ‍ॅप्रनच्या खिशात टाकला. "पाचवा दिवस पार होऊ द्या. मंग खाईन."

हा त्यांचा नियमच होता. जोड पक्का धरल्याशिवाय त्या पेशंटचा पेढा खायचा नाही. खिशात कधी एक पेढा असायचा, कधी तीन. कित्येकदा विसरून जायचे. मेश्राम सिस्टर म्हणायच्या, "सरांच्या अ‍ॅप्रनले धोब्याच्या आधी मुंग्या ओळखतात."

*

आता सरांच्या खऱ्या शोधाची गोष्ट.

इतवारीतले एक किराणा व्यापारी आमच्याकडे होते. सगळे त्यांना शेटजी म्हणायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी पंख्याचा आवाज, गादीचा वास, शेजारच्या पेशंटचं खोकणं, सगळ्यावर तोंडसुख घेतलं. मेश्राम सिस्टरना तर त्यांनी विचारलं, "तुम्हाला शिकवलं कोणी, की असंच घेतलं नोकरीवर?" सिस्टर ऐकून घेणाऱ्यातल्या नाहीत. दोघांची दिवसातून दोनदा जुंपायची आणि वॉर्डाची करमणूक व्हायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर चहाच्या खोलीत आल्या. चेहरा पडलेला. "सर, शेटजी मले म्हणाले, बेटा तू जेवली का?"

मी हसले. म्हटलं, "चला, शेवटी माणसात आले."

सर हसले नाहीत. चहा तसाच ठेवून उठले. शेटजींना ताप नव्हता, पोट फारसं दुखत नव्हतं, नाडी थोडी जलद होती, इतकंच. पण सरांनी स्कॅन करायला लावला आणि दुपारी पोट पुन्हा उघडलं. जोडाच्या एका कोपऱ्यातून गळती सुरू झाली होती. अगदी नुकतीच.

नंतर सरांनी आम्हाला सांगितलं ते मी आजही विद्यार्थ्यांना सांगते. आत सूज पेटली की तिचा धूर आधी मेंदूत जातो. माणूस बावरतो, बदलतो. भांडखोर गोड बोलायला लागतो, बडबड्या गप्प होतो. ताप नंतर येतो, रिपोर्ट त्याच्याही नंतर. "पोट बोलायच्या आधी माणूस बदलते. कटकट करून राहिला ना, तवर त्याले काही होत नाही. थँक्यू म्हणाला की धावा."

शेटजी वाचले. आठवड्याभराने एका सकाळी त्यांच्या खाटेकडून आवाज आला, "हा पंखा कोणी दुरुस्त करून राहिला का नाही?" मेश्राम सिस्टरनी हातातला ट्रे खाली ठेवला आणि स्टुलावर बसून डोळे पुसले.

*

हा छोटा किस्सा मध्येच सांगून टाकते, कारण तिवारी समोर बसून सांगायला लावतोय.

तिवारी आमचा भूलतज्ज्ञ. घरात हिंदी, बाहेर मराठी, आणि रागात दोन्ही. आमच्या वॉर्डात 'शांत' हा शब्द उच्चारायची बंदी आहे. म्हटलं की काहीतरी होतंच. एका दुपारी तिवारी समोसा खाता खाता बोलून गेला, "आज वॉर्ड बड़ा शांत आहे यार."

संध्याकाळपर्यंत दोन अपेंडिक्स, एक फुटलेला अल्सर आणि पिळा पडलेलं एक आतडं. सगळी ऑपरेशनं उरकून तिवारी बाहेर आला, तर सर म्हणाले, "तिवारी, आता म्हण. आता शांत आहे."

तिवारीने तोंडावर दोन्ही हात ठेवले आणि तसाच पार्किंगपर्यंत गेला.

*

मग पुण्याहून डॉक्टर सबनीस आला. बरोबर लॅपटॉप आणि ठाम मतं.

त्याने एक स्कोअर बांधला होता. पेशंटचं वय, रक्तातलं प्रोटीन, ऑपरेशन घाईचं की ठरवून, रक्त किती गेलं, आणि मुख्य म्हणजे सीआरपी, म्हणजे अंगातली सूज सांगणारी रक्ताची तपासणी. ऑपरेशननंतर ती चढतेच, पण तिसऱ्या दिवसापासून उतरायला हवी. हे सगळं भरलं की लॅपटॉप रंग दाखवायचा. हिरवा म्हणजे घरी पाठवा, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, लाल म्हणजे धोका.

आमच्याकडे त्याची मनसोक्त चेष्टा झाली. सर विचारायचे, "सबनीस, तुह्या यंत्राले विचार न गा, आज डब्यात वांगं आहे का बटाटा?"

सबनीस चष्मा सावरून म्हणायचा, "सर, डब्याची माहिती अपुरी आहे. डबा करणाऱ्या काकूंचं सीआरपी मिळालं तर सांगता येईल." पुणेकर झाला तरी पोरगा आमच्यातला आहे, हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

आणि मग सुरेंदर आला. याचा किस्सा करवत नाही, पण त्याच्याशिवाय पुढचं कळणार नाही.

सुरेंदर बुटीबोरीच्या एका कापड कारखान्यात कामाला, मूळ बिहारचा. पोट दुखत असताना दिवसेंदिवस काम करत राहिला आणि आतडं फुटल्यावर आला. घाईचं ऑपरेशन झालं. जोड सरांनी स्वतः घातला. पहिल्या दिवसापासून हा माणूस सगळ्यांना हात जोडायचा. मला, सिस्टरना, फरशी पुसणाऱ्या मावशींना. काही विचारलं की, "सब ठीक है साहब, आराम है." दुसऱ्या दिवशी हवा गेली. त्याच्या भावाने पेढे आणले. सरांनी एक कापडात गुंडाळून खिशात टाकला.

तिसऱ्या दिवशी सबनीस लॅपटॉप घेऊन आला. "सर, लाल आहे. सीआरपी उतरायच्या ऐवजी चढलंय. मला वाटतं आजच स्कॅन करावा."

सर खाटेजवळ गेले. सुरेंदरने हात जोडले. "आराम है साहब."

सरांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. मग म्हणाले, "गोड तं हा पहिल्या दिवसापासून आहे. बदलला कुठं? उद्या पाहू."

उद्या उशीर झाला होता. पोट उघडलं, धुतलं, सगळं केलं. सुरेंदर गेला.

त्याचा भाऊ पायऱ्यांवर बसला होता. सर त्याच्या शेजारी जाऊन बसले. भाऊ म्हणाला, "घर पे तो यह किसी की नहीं सुनता था साहब. सारे मुहल्ले से लड़ता था. यहाँ आके डर गया था."

सर उठले. वर आले, अ‍ॅप्रन काढला आणि खुंटीला लावला. खिशातला पेढा त्यांनी काढला नाही, आणि सिस्टरनी तो अ‍ॅप्रन बरेच दिवस धोब्याला दिला नाही.

दुसऱ्या सकाळी चहाच्या खोलीत सरांनी आपल्या खुर्चीला लागून एक खुर्ची ओढली आणि सबनीसला बोटाने दाखवली. माफी मागणं सरांना येत नव्हतं. त्या दिवसापासून राउंडमधला दुसरा प्रश्न ठरला, "सबनीस, तुह्यं लाल-हिरवं काय म्हणते?"

*

आणि तिसरा प्रश्नही त्याच आठवड्यात सुरू झाला. "स्वभाव घेतला का?"

डॉक्टर पेशंटची हिस्ट्री घेतात. आमच्या युनिटमध्ये स्वभावही घ्यायचा, असं सरांनी ठरवलं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आमच्यापैकी एकाने खाटेशी बसायचं आणि हा माणूस धडधाकट असताना कसा वागतो ते काढून घ्यायचं. कशाने चिडतो, किती बोलतो, कोणावर ओरडतो. बदल ओळखायचा तर आधी मूळ माहीत पाहिजे.

लोकांना हे विचित्र वाटायचं, त्यात नवल नाही. एका गृहस्थांनी अधीक्षकांकडे जाऊन तक्रार केली की, माझं ऑपरेशन उद्या आहे आणि तुमच्या डॉक्टरीणबाई मला विचारतात, तुम्ही घरी भांडी आपटता का. अधीक्षकांनी सरांना बोलावलं. सर परत आल्यावर मला म्हणाले, "भोयर, मंग काय म्हणाले ते? आपटते का?"

"हो सर. पण फक्त स्टीलची."

"ठीक आहे. ध्यानात ठेव."

पारशिवनीकडच्या एक बाई होत्या, शेतकरी कुटुंबातल्या. मी स्वभाव घ्यायला बसले तर नवराच उत्तरं देत होता. "ते काही बोलतच नाही जी. पहिल्यापासून मुकी आहे समजा." बाई मान खाली घालून बसल्या होत्या. नवरा चहा प्यायला खाली गेला आणि बाईंनी जे तोंड उघडलं ते दिवे लागेपर्यंत बंद केलं नाही. जावेची कागाळी, म्हशीचं दूध, संत्र्याच्या झाडावरची कीड, सगळं. मला मध्ये 'हो का' म्हणायचीही संधी नव्हती. नवरा परत आला, बाई पुन्हा मुक्या.

ऑपरेशननंतर मी रोज नवऱ्याला काही ना काही आणायला खाली पाठवायचे आणि बाई बोलायच्या. तिसऱ्या दिवशी नवरा खाली गेला, तरी त्या गप्प. मी म्हशीचं विचारलं. मान हलवली फक्त. नवरा वर येऊन म्हणाला, "ते तं अशीच आहे न जी."

मी सरांना फोन केला. सबनीसचं पिवळं होतं. स्कॅनमध्ये पोटात पू धरू लागलेला दिसला, नळी घालून काढला, पोट उघडावं लागलं नाही.

निघायच्या दिवशी मी त्यांना विचारलं, "अहो, नवऱ्यासमोर एक शब्द बोलत नाही तुम्ही, काहून?"

"बोलून काय करावं बाई," त्या म्हणाल्या, "ते थोडीच आयकते."

*

सरांच्या तोंडून आमच्यापैकी कोणीही कधी चांगला शब्द ऐकला नाही. ही अतिशयोक्ती नाही, तिवारी साक्षीला आहे.

अन्ननलिकेचा पहिला कठीण जोड मी एकटीने घातला, तेव्हा सर मागे हात बांधून उभे होते. पूर्ण झाल्यावर त्यांनी वाकून पाहिलं. सगळीकडून पाहिलं. सर म्हणाले, "हं. धागा चांगला होता."

मी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "म्हणजे कंपनीचं कौतुक केलं."

त्या एका शब्दाची वाट मी वर्षानुवर्षं पाहिली. मोठी झाले, माझ्या हाताखाली पोरं शिकायला लागली, केसांत पांढरं आलं, तरी जोड घालून झाला की माझी नजर सरांकडे जायची. याला वेडेपणा म्हणा. बापाच्या वयाच्या माणसाकडून शाबासकी हवी असते आणि ती मिळत नाही, तेव्हा माणूस म्हातारा होईपर्यंत लहानच राहतो.

*

मग सरच आजारी पडले. मोठ्या आतड्यात गाठ निघाली. मुंबईला जा, हैदराबादला जा, असं सगळे म्हणाले. सर म्हणाले, "माहा वॉर्ड सोडून मी कुठंच जात नाही. भोयर जोड घालीन."

आदल्या दिवशी मी सवयीने खाटेशी जाऊन बसले. मेश्राम सिस्टर म्हणाल्या, "यांचा काय स्वभाव घेता मॅडम, सगळ्या वॉर्डाले पाठ आहे."

ऑपरेशन नीट झालं. पहिले दोन दिवस सरांनी आम्हाला भाजून काढलं. खाटेचा कोन चुकला, सलाईन हळू आहे, तिवारीची भूल जनावराच्या डॉक्टरला शोभणारी आहे, सबनीस आलेख लपवतो. दुसऱ्या दिवशी हवा गेली, काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नींनी, पेढे आणले. सर खाटेवरून गरजले, "कोणी तोंडात टाकला तं पाहा!" आम्ही चौघांनी आपापला पेढा कापडात गुंडाळून खिशात टाकला.

तिसऱ्या दिवशी सकाळी सर मेश्राम सिस्टरना म्हणाले, "मेश्राम, तू होती म्हणून हा वॉर्ड चालला."

सिस्टरनी ऐकलं आणि त्यांचा हात सरांच्या मनगटावर गेला. नाडी मोजली आणि तिवारीला फोन केला. तिवारी धापा टाकत आला. सर त्याला म्हणाले, "तुह्यासारखा भूल देणारा मी पाहिला नाही गा." तिवारीने त्यांना ऑक्सिजन लावला. सबनीसला सर म्हणाले, "तुह्या यंत्रानं माणसं वाचली. त्या सुरेंदर पोट्ट्याच्या वेळेस तुह्यं आयकाले पाहिजे होतं." सबनीसने मान डोलावली आणि सीआरपीसाठी रक्त काढायला सांगितलं.

मी पोचले तेव्हा सगळ्यांचे चेहरे पांढरे पडले होते. सर म्हणाले, "भोयर, बस."

इतक्या वर्षांत त्यांनी मला बस म्हटलं नव्हतं. मी बसले, चादर खाली केली, स्टेथोस्कोप कानात घातला आणि त्यांच्या पोटावर ठेवला. आतड्याचा आवाज येत होता, गुडगुड, गुडगुड. मी डोळे मिटून ऐकत होते. उघडले तेव्हा सरांचे ओठ हलत होते. माझ्याकडे बघून ते काहीतरी सांगत होते. बरंच मोठं होतं. मी घाईने स्टेथो कानातून काढला.

"काय म्हणालात सर?"

त्यांनी चादर वर ओढून घेतली. "काही नाही. सीटी स्कॅन करून घे."

सीटी एकदम स्वच्छ निघाला. जोड शाबूत. सीआरपी उतरलेलं. सबनीसच्या लॅपटॉपवर हिरवा. सरांना काही झालंच नव्हतं. ते फक्त बोलले होते.

स्कॅनवरून परत आल्यावर सर म्हणाले, "बरोबर केलं तुम्ही. मी असतो तं हेच केलं असतं." आणि मग, "ही उशी अशी कोणत्या शहाण्यानं ठेवली?"

आम्ही हसलो, सुटल्यासारखे हसलो. पाचवा दिवस पार झाला आणि सगळ्यांनी सरांच्या समोर खिशातले पेढे काढून खाल्ले. तिवारीच्या पेढ्याला मुंग्या होत्या, त्याने झटकून खाल्ला.

नंतर मी सरांना एकदा नाही, अनेकदा विचारलं, की त्या दिवशी तुम्ही मला काय सांगत होतात.

"आठवत नाही वं. ताप होता मले."

"ताप नव्हता सर."

"नव्हता न? मंग सीटी काहून केला?"

मला अजूनही त्या गुडगुडीचा राग येतो. आयुष्यभर जे ऐकायचं होतं ते समोर चाललं होतं आणि मी आतडं ऐकत बसले होते.

*

वर्षाच्या आत आजार लिव्हरमध्ये परतला. या वेळी जोडायला काही नव्हतं. सरांनी औषधं थांबवली, नंदनवनातल्या घरी राहिले आणि आम्हाला निरोप दिला, येऊ नका. आम्ही फोन करत राहिलो. शेवटी काकू म्हणाल्या, "या रविवारी संध्याकाळी. हाव म्हणाले ते."

आम्ही चौघं गेलो. जिना चढलो. तिवारी पुढे होता आणि दारात थबकला, तर आतून आवाज आला, "तिवारी, अजून पोट कमी नाही केलं का गा? तुलेच भूल द्यावं लागीन."

सर खुर्चीत बसले होते. अंगावर इस्त्रीचा शर्ट, केस विंचरलेले. हाडं दिसत होती, पण आवाज तोच. मग तासभर आमची कोणाची धडगत राहिली नाही. मेश्राम सिस्टर रिटायरमेंटचं बोलल्या, तर, "वॉर्ड कोणाच्या बापाच्या भरवशावर सोडून राहिली?" सबनीसने नवा आलेख दाखवला, तर त्यातली चूक काढली, आणि ती खरीच चूक होती. मी म्हटलं, सर, पोट पाहू का, तर, "मी तुहा पेशंट आहो का? मागच्या महिन्यात त्या म्हाताऱ्याचा जोड इतका ताणून काहून घातला? मले सगळं समजते." हे त्यांना कोणी सांगितलं ते आजपर्यंत कळलं नाही.

शेवटी म्हणाले, "निघा आता. सगळे इथं, मंग वॉर्डात कोण आहे?"

खाली उतरलो तेव्हा आमचे चेहरे उजळले होते. कोपऱ्यावर झणझणीत रस्शाच्या तर्री पोह्यांचा ठेला होता, तिथेच उभे राहिलो. तिवारी म्हणाला, "बॉस एकदम फर्स्ट क्लास." सबनीस हसून म्हणाला, "हिरवा." मेश्राम सिस्टरनी तर्री वाढवून घेतली. मी सुद्धा म्हटलं, अजून बरेच दिवस आहेत, पुढच्या रविवारी पुन्हा येऊ, तेव्हा त्या दिवसाचं विचारीन. कटकट चालू आहे तोवर काही होत नाही, हे आम्हाला त्यांनीच शिकवलं होतं.

सकाळी काकूंचा फोन आला. झोपेतच गेले होते.

आम्ही पोचलो तेव्हा कालची खुर्ची तिथेच होती. मी काकूंचा हात धरून म्हटलं, "काकू, काल तर इतके छान बोलत होते सर."

काकूंनी पदराने डोळे टिपले.

"काल दिवसभर एका शब्दाले तोंड नाही उघडलं त्याइनं. पाणी पाहिजे तरी बोट दाखवत होते. मी म्हटलं, काहून, लय त्रास होऊन राहिला का? तं एवढंच बोलले, संध्याकाळी पोट्टे येऊन राहिले न. त्यायले झापाले दम लागते."